विकास की घडण? झ्यूल ब्लॉक यांचं मराठीवरचं पुस्तक जर्मनीत वाचताना

गेल्या हिवाळी सत्रात मी प्राचीन फ्रेंचचा वर्ग घेत होते. फळ्यावर लॅटिन ‘सेप्तेम’, इटालियन ‘सेत्ते’ आणि फ्रेंच ‘सेत’ असे तीन शब्द लिहिले होते. एका विद्यार्थिनीनं हात वर केला आणि विचारलं, ‘‘तुमच्या भाषेतही असंच झालंय का?’’ खडू हातात होताच. खाली लिहिलं : सप्त, सत्त, सात. मग हुरूप आला म्हणून शेजारी आठाची जोडी मांडली. एकीकडे ‘ऑक्तो’, ‘ओत्तो’. दुसरीकडे अष्ट, अट्ठ, आठ. वर्ग खूश झाला. त्या मुलीचा पुढचा प्रश्न मात्र साधा आणि अडचणीचा होता : ‘‘यावर वाचायला काय आहे?’’

मी म्हणाले, ‘‘झ्यूल ब्लॉक. फ्रेंचमध्ये आहे, तुम्हाला सोपं जाईल.’’ ते पुस्तक मी स्वतः वाचलेलं नव्हतं, हे मात्र सांगितलं नाही.

अकरावीला फ्रेंच घेतलं ते मार्क पडतात म्हणून. पुढे रानडे इन्स्टिट्यूट, मग जर्मनीत एम.ए., मग फ्रेंच भाषेच्या इतिहासावर डॉक्टरेट. एवढं सगळं झालं आणि माझ्या मातृभाषेच्या इतिहासावर फ्रेंचमध्ये लिहिलेलं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक माझ्यासाठी फक्त एक नाव होतं. त्या आठवड्यात ग्रंथालयातून ते काढलं. हा लेख त्या वाचनाचा.

आधी एक नेहमीचा प्रश्न निकालात काढते, कारण त्याचं उत्तर या पुस्तकाशी जोडलेलं आहे. ‘फ्रेंच शिकायला जर्मनीत कशाला गेलीस?’ हे मला मावशीपासून व्हिसा कार्यालयातल्या बाईंपर्यंत सगळ्यांनी विचारलंय. जर्मन विद्यापीठात ‘फ्रेंच विभाग’ असा सहसा नसतो, ‘रोमानिस्टिक’ असतं, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या सगळ्या भाषांचा एकत्र अभ्यास. फ्रेंच घेणाऱ्याला दुसरी एखादी बहीणभाषा, थोडी लॅटिन, जुनी फ्रेंच यांच्याशी गाठ पडतेच. आपल्याकडे फ्रेंचची वरची पातळी म्हणजे अस्खलित बोलणं, पत्रं लिहिणं, दुभाषाचं काम. इथे वरची पातळी म्हणजे ‘आउगुस्तुस’ या भारदस्त सम्राटाच्या नावाचा महिना झिजत झिजत फ्रेंचमध्ये नुसता ‘ऊत’ कसा उरला, हे पायरीपायरीनं दाखवता येणं. पहिल्या वर्षी मला हा छळ वाटला होता. दहावीला संस्कृत ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतलं होतं, ते इथे अचानक उपयोगी पडलं.

या विद्याशाखेचा जन्म बॉनचा. फ्रिडरिश डीत्स १८३० मध्ये तिथे प्राध्यापक झाले आणि रोमान्स भाषांच्या त्यांच्या व्याकरणाचा पहिला खंड १८३६ मध्ये निघाला. त्याच बॉनमध्ये १८१८ पासून आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल संस्कृत शिकवत होते. त्यांचे शिष्य ख्रिस्तिआन लासेन यांचं प्राकृत भाषांचं लॅटिनमध्ये लिहिलेलं व्याकरण बॉनमधूनच १८३७ मध्ये आलं. म्हणजे लॅटिनपासून फ्रेंच कशी झाली आणि संस्कृतपासून प्राकृतं कशी झाली, या दोन प्रश्नांची दोन मोठी पुस्तकं एकाच गावातून वर्षाच्या अंतरानं निघाली. फळ्यावरची माझी ‘सेत–सात’ची गंमत मला वाटली होती तेवढी नवी नव्हती.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १८५६ मध्ये पॅरिसहून गास्तों पारी नावाचा तरुण बॉनला डीत्स यांच्याकडे शिकायला आला. फ्रेंच माणूस फ्रेंच भाषेचा इतिहास शिकायला जर्मनीत! माझ्या मावशीला हे सांगितलं पाहिजे. परत गेल्यावर पारी यांनी डीत्स यांच्या व्याकरणाची प्रस्तावना फ्रेंचमध्ये आणली, नंतर सहकाऱ्यांबरोबर व्याकरणही आणलं. १८७०–७१ चं युद्ध झालं, जर्मनीकडून फ्रान्स हरला, आणि १८७२ मध्ये पारी आणि पोल मेयेर यांनी ‘रोमानिया’ हे नियतकालिक काढलं. अभिमान दुखावला होता आणि ईर्ष्याही होती, पण ती ईर्ष्या त्यांनी हस्तलिखितं संपादण्यात खर्च केली. संस्कृतच्या बाजूलाही असंच घडलं. बर्लिनमध्ये फ्रान्त्स बॉप यांच्याकडे शिकलेल्या मिशेल ब्रेआल यांनी बॉप यांचं तौलनिक व्याकरण फ्रेंचमध्ये आणलं. ब्रेआल यांच्यानंतर कोलेज द फ्रान्समध्ये त्यांच्या जागेवर आंत्वान मेये आले. मेये आणि सिल्व्हँ लेवी यांच्या हाताखाली झ्यूल ब्लॉक तयार झाले. ब्लॉक भारतात येऊन गेले, आणि १९१४ मध्ये त्यांचा मराठीवरचा प्रबंध पुरा झाला. महायुद्धामुळे पुस्तक बाजारात यायला १९२० उजाडलं. नाव : ‘ला फॉर्मास्यों द ला लांग मरात’.

पुस्तक कोरडं आहे, हे आधीच सांगते. क्रमांक घातलेले छोटे परिच्छेद, ध्वनी, मग नाम-क्रियापदांची रूपं, वाक्याबद्दल थोडकं, आणि शेवटी व्युत्पत्तींची लांबलचक सूची. एकही वाक्य मराठीचं कौतुक करण्यासाठी लिहिलेलं नाही. सुरुवातीला मला याचा थोडा राग आला. चाळीसेक पानांनंतर कळलं की हीच या पुस्तकाची ताकद आहे. ब्लॉक मराठीकडे अशा नजरेनं पाहतात, जशी डीत्स यांच्या परंपरेनं फ्रेंचकडे पाहिलं होतं : कोणत्या काळात कुठला ध्वनी गळाला, कुठला टिकला, आणि अपवाद असेल तर तो का. 

उदाहरणांशिवाय हे पटणार नाही. लॅटिन ‘आमिका’ म्हणजे मैत्रीण. दोन स्वरांमधला ‘क’ विरघळला आणि फ्रेंचमध्ये ‘आमी’ उरलं. संस्कृत ‘सूची’मधला ‘च’ तसाच गेला, प्राकृतात ‘सूई’ झालं आणि आपल्या हातात सुई आली. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार. नगराचं ‘नेर’ झालं, म्हणून अमळनेर आणि पिंपळनेर. याला समांतर हवं असेल तर ‘लुग्दुनुम’चं लिऑं पाहा. इथे जर्मनीत राहणाऱ्यांसाठी आणखी जवळचं : ऱ्हाइन आणि मोझेल जिथे मिळतात त्या जागेला रोमन लोक लॅटिनमध्ये संगमच म्हणत, ‘कॉन्फ्लुएन्तेस’. त्याचं झालं कोब्लेन्त्स. रेल्वेच्या घोषणेत ते नाव ऐकलं की मला हल्ली कऱ्हाड आठवतं.

फ्रेंचच्या अभ्यासातून मला मराठीबद्दल सर्वांत जास्त शिकवलं ते जोडशब्दांनी. फ्रेंचमध्ये एकाच लॅटिन शब्दाची दोन अपत्यं असतात. एक लोकांच्या तोंडी राहून झिजलेलं, दुसरं पुढे पंडितांनी ग्रंथांतून पुन्हा उचललेलं. ‘काप्तिवुस’ म्हणजे कैदी. पंडितांचा ‘काप्तिफ’ अजूनही कैदीच आहे. लोकांच्या तोंडी राहिलेला ‘शेतिफ’ मात्र किडकिडीत, मरतुकडा झाला. आता आपल्याकडे या. क्षेत्र आणि शेत. चूर्ण आणि चुना. परीक्षा आणि पारख. भक्त आणि भात (भक्त या शब्दाचा जुना अर्थ वाढलेलं अन्न असाही होता). आणि सगळ्यांत बोलकी जोडी : गर्भिणी आणि गाभण. शब्द एकच. संस्कृतातून थेट आणलेला बाईसाठी, लोकांच्या तोंडून आलेला गाईम्हशीसाठी. तद्भव शब्दाला समाज कुठे बसवतो, हे या एका जोडीत दिसतं.

ब्लॉक यांची पद्धत तद्भवांवर उभी आहे. त्यांच्या दृष्टीनं भाषेचा सांगाडा तिथे आहे. तत्सम शब्द म्हणजे नंतर चढवलेले दागिने. ज्या समाजात ‘शुद्ध’ म्हणजे संस्कृतच्या जवळचं असं शाळेत शिकवलं जातं, त्या समाजाला हे पुस्तक न बोलता सांगतं की तुमची मराठी सुईत आणि भातात आहे. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पॅरिसमधल्या एका माणसानं सांगितलं, तेही ध्वनिपरिवर्तनाच्या तक्त्यांमधून.

आता तक्रारी.

पहिली ब्लॉक यांच्याबद्दल नाही, त्यांच्या मराठी अवताराबद्दल आहे. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये हे पुस्तक मराठीत आणलं आणि नाव दिलं ‘मराठी भाषेचा विकास’. परांजप्यांचे उपकार मोठे आहेत. इंग्रजी अनुवाद यायला त्यानंतर आणखी एकोणतीस वर्षं लागली. पण ‘फॉर्मास्यों’ म्हणजे विकास नव्हे. ती घडण आहे. मडकं घडतं, तशी भाषा घडते. घडताना माती काढूनही टाकावी लागते. ‘विकास’ म्हटलं की खालून वर जाणारी रेघ डोळ्यांसमोर येते. ब्लॉक यांच्या पुस्तकात अशी रेघ नाही. विभक्तीची रूपं गळतात, परसर्ग येऊन चिकटतात, शेवटचे स्वर पडतात. यात चढही नाही आणि उतारही नाही. १९४१ मध्ये ‘विकास’चा अर्थ आजच्याइतका होर्डिंगवरचा नसेल, हे मान्य. तरीही मला वाटतं, या एका शब्दानं मराठी वाचकाच्या अपेक्षा थोड्या वाकड्या केल्या. (फ्रेंचमध्ये ‘फॉर्मास्यों’चा दुसरा अर्थ माणसाचं शिक्षण असाही होतो, आणि जर्मन ‘बिल्डुंग’मध्येही घडण आणि शिक्षण असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणून असेल कदाचित, मूळ शीर्षक वाचताना मला भाषेबरोबर स्वतःचीही शिकवणी चाललीय असं वाटत राहिलं.)

दुसरी तक्रार खुद्द पुस्तकाबद्दल. ब्लॉक यांच्याकडे शब्द आहेत, बोलणारी माणसं नाहीत. त्यांची मराठी मुख्यतः लिखित आणि प्रमाण आहे : ज्ञानेश्वरी, शिलालेख, मोल्सवर्थचा कोश. यात त्यांचा सगळा दोष नाही. लीळाचरित्र ह. ना. नेने यांनी छापून आणलं ते १९३६–३७ च्या सुमारास. त्याआधी महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. म्हणजे जुन्या मराठीतलं सर्वांत बोलकं गद्य, ज्यात माणसं भांडतात, जेवायला बोलावतात, रुसतात, ते ब्लॉक यांच्यासमोर नव्हतं. फ्रेंचच्या इतिहासकाराला ‘रोलांचं गीत’ द्यावं आणि बाकी सगळं गद्य काढून घ्यावं, तसं हे झालं. जे मिळालं त्यातून त्यांनी एवढं काढलं, याचं आश्चर्य वाटतं. पण त्यामुळे वाक्याचा भाग पातळ राहिला, आणि बोलींचा भाग त्याहून पातळ.

तिसरी तक्रार जास्त खोल आहे आणि ती माझ्या स्वतःच्या विद्याशाखेलाही लागू पडते. रोमान्स भाषांचा नमुना झाडाचा आहे : एक आई, तिच्या मुली. मराठीला तो नमुना लावला की शेजारीण दिसत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत; ऐकणाऱ्याला वगळून आणि ऐकणाऱ्याला धरून. हा भेद द्राविड भाषांमध्ये आहे, फ्रेंचमध्ये नाही, जर्मनमध्येही नाही. (विभागाच्या बैठकीत कुणी ‘वीअर म्युसेन श्पारेन’ म्हणतं, म्हणजे ‘काटकसर करायला हवी’, तेव्हा मला दर वेळी विचारावंसं वाटतं : आम्ही की आपण? मुदतीच्या करारावर असलेल्याला उत्तर माहीत असतं.) ब्लॉक द्राविड प्रभावाबद्दल फार सावध आहेत. पुढे त्यांनी स्वतः द्राविड भाषांच्या व्याकरणरचनेवर पुस्तक लिहिलं, १९४६ मध्ये. म्हणजे त्यांना त्या दिशेचं महत्त्व पुरतं माहीत होतं. १९७१ मध्ये फ्रँकलिन साउथवर्थ यांनी तर मराठीच्या मुळाशी भाषांची सरमिसळ, जवळजवळ क्रिओलसारखी, असावी असा मुद्दा मांडला. विश्वनाथ खैरे यांनी मराठी-तमिळ नात्यावर आयुष्य घातलं. मला खैऱ्यांच्या अनेक व्युत्पत्ती पटत नाहीत, साउथवर्थ यांचा निष्कर्षही जास्त ताणलेला वाटतो. पण प्रश्न त्यांचा बरोबर आहे, आणि ब्लॉक यांच्या झाडाला तो प्रश्न नीट विचारताच येत नाही.

मला कुठल्या प्रकारचा पुरावा हवा आहे, तेही सांगते. फ्रेंचचा पहिला लेख म्हणून जो दाखवतात तो स्ट्रासबुर्गच्या शपथांचा, १४ फेब्रुवारी ८४२ चा. दोन भाऊ तिसऱ्याविरुद्ध एकत्र आले. लुडविग, ज्याला इतिहास ‘जर्मन’ म्हणूनच ओळखतो, त्यानं शपथ घेतली ती धाकट्या भावाच्या सैनिकांना समजावी म्हणून त्यांच्या रोमान्स भाषेत. आणि कार्ल यानं लुडविगच्या सैनिकांच्या जर्मन बोलीत. म्हणजे फ्रेंच म्हणून जपून ठेवलेली पहिली वाक्यं एका जर्मन राजाच्या तोंडची आहेत. आता श्रवणबेळगोळला चला. दीर्घकाळ मराठीचा सर्वांत जुना मानला गेलेला लेख गोमटेश्वराच्या पायाशी आहे, कर्नाटकात, आणि त्याच्या बरोबरीनं तीच गोष्ट कन्नड आणि तमिळमध्येही कोरलेली आहे. दोन्ही भाषा पहिल्यांदा लेखनात दिसतात तेव्हा त्यांच्या बाजूला दुसरी भाषा उभी आहे. झाडाच्या चित्रात या शेजाऱ्यांना जागा नसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या रात्री आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले आणि ‘दोन हजार वर्षांची भाषा’ असे संदेश आले. मीही पेढ्याचं चित्र पाठवलं. आनंद खरा होता. पण ब्लॉक नुकतेच वाचलेल्या माणसाला त्या दोन हजारांचं थोडं अवघड जातं. हालाची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि महाराष्ट्री ते मराठी ही वाट ब्लॉक यांनाही मान्य आहे. तरीही वाट म्हणजे मुक्काम नव्हे. फ्रेंच लोक सिसेरोला फ्रेंच लेखक म्हणत नाहीत. त्यांनी स्वतःच्या भाषेचं वय ८४२ पासून मोजलं म्हणून फ्रेंच काही लहान झाली नाही.

वयापेक्षा मला कामाची काळजी जास्त वाटते. परक्या माणसानं परक्या भाषेत आपल्या भाषेचा इतिहास लिहिला, यात लाजण्यासारखं काही नाही. फ्रेंचचा आजवरचा सर्वांत मोठा व्युत्पत्तिकोश स्विस माणसानं, वाल्टर फॉन वार्टबुर्ग यांनी, १९२२ पासून जर्मन भाषेत रचायला घेतला. पंचवीस खंड झाले. आज त्याचं काम फ्रान्समध्ये, नान्सीला चालतं. त्यांनी परक्याचं काम घेतलं, दुरुस्त केलं, पुढे नेलं. आपण काय केलं? अगदीच काही नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा आहे. शं. गो. तुळपुळे यांनी यादवकालीन मराठीवर लिहिलं, त्यांचा जुन्या मराठी साहित्याचा इंग्रजी इतिहास १९७९ मध्ये जर्मनीतूनच, वीसबाडेनहून निघाला, आणि ॲन फेल्डहाउस यांच्याबरोबर त्यांनी केलेला जुन्या मराठीचा कोश १९९९ चा. घाटगे यांनी बोलींचं सर्वेक्षण केलं. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींची ध्वनिमुद्रणं कुणालाही ऐकता येतील अशी ठेवली आहेत. ब्लॉक यांनी ती ऐकायला काय दिलं असतं! तुकडे चांगले आहेत. पण लीळाचरित्र, शिलालेख, बोली आणि शेजारच्या भाषा यांना एकत्र घेऊन ब्लॉक यांच्या पुस्तकाच्या जागी ठेवता येईल असं एक पुस्तक, मराठीत, विद्यार्थ्याच्या हातात देता येईल असं, मला सापडलं नाही. शंभर वर्षं झाली.

हे मी लिहिते तेव्हा बोट माझ्याकडेही आहे. मी सहा वर्षं उत्तर फ्रान्समधल्या तेराव्या शतकातल्या बोलींच्या लेखनपद्धतीवर काम केलं. कुठल्या गावचा कारकून कुठला स्वर कसा लिहितो, हे मला झोपेत सांगता येईल. त्याच शतकात पैठण-नेवाशाच्या बाजूला मराठी कोण कसं लिहीत होतं, ते मला पुस्तक उघडून पाहावं लागतं. जर्मनीत पोस्टडॉकला पुढचा प्रकल्प काय, हे करार संपायच्या वर्षभर आधीच ठरवावं लागतं. जुन्या फ्रेंचचा आणखी एक प्रकल्प मांडला तर पैसे मिळण्याची शक्यता बरी आहे. मराठीचा मांडला तर समितीत तो तपासणार कोण, इथूनच अडचण सुरू होते.

त्या विद्यार्थिनीला मी नंतर खरं सांगितलं, की शिफारस केली तेव्हा मी पुस्तक वाचलेलं नव्हतं. ती हसली. तिनं ते ग्रंथालयात मागवलं होतं, पण प्रत माझ्याकडे अडकली होती. मी ती परत केली. पंधरा दिवसांनी ती कार्यालयात आली, व्युत्पत्तिसूचीतल्या एका पानाचा फोटो घेऊन. तिला ‘च’ कळत नव्हता : मराठी ‘चार’मधला एक आणि ‘चारा’मधला दुसरा, असं कसं? मी दोन्ही म्हणून दाखवले. ‘चारा’तला च तिला पहिल्याच खेपेला जमला, कारण जर्मन ‘त्साइट’मध्ये तो रोज तिच्या तोंडी असतो. तिनं विचारलं, ‘इ’ आणि ‘ए’च्या आधी कुठला येतो? फ्रेंचमध्ये ‘क’ बदलतो तो याच स्वरांच्या आधी, म्हणून तिचा अंदाज होता की मराठीतही तिथेच काहीतरी घडलं असेल. मी म्हटलं, उलट आहे. तिथे जुना उच्चार टिकला, बदलला तो बाकीच्या स्वरांच्या आधी. मग ‘चार’चं काय, तिथे तर ‘आ’ आहे, असं ती म्हणाली, आणि आम्ही दोघी ब्लॉक यांचा तो परिच्छेद शोधायला लागलो.